कोपीपर्यंतचा आरोग्यकारभार



आद्यकवी मुकुंदराज व सर्वज्ञ दासोपंत यांच्या समाधींनी पुनीत झालेल्या, आणि मोमिनाबाद या जुन्या नावाने ओळखली जात असताना स्वामी रामानंद तीर्थांनी ज्या भूमीत राष्ट्रीय शिक्षणाचे कार्य केले, त्या अंबाजोगाई नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. स्वामीजींचे नाव धारण करणारे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय येथेच आहे.

ज्या आरोग्यकारभाराचा विचार करण्यास आपण जमलो आहोत, त्याचा मूळ आराखडा नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली मांडला. पैशाअभावी कोणीही उपचारास वंचित राहू नये, हे त्या अहवालाचे अधिष्ठान होते. पुढे राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य राज्यांच्या अखत्यारीत दिले, १९६२ पासून आपल्याकडे ग्रामीण आरोग्याचा भार जिल्हा परिषदांवर आला, आणि सपाटीच्या मुलखात ३०,००० वस्तीमागे प्राथमिक आरोग्य केंद्र व ५,००० वस्तीमागे उपकेंद्र असे प्रमाण रूढ झाले.

परंतु या साऱ्या हिशेबात माणूस एका गावी स्थिर आहे, असे गृहीत धरलेले आहे. आणि आमच्या बीड जिल्ह्यात तर दसरा-दिवाळी सरताच गावेच्या गावे मुकादमाची उचल अंगावर घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस निघतात. गरोदर स्त्रीची नोंद इथल्या उपकेंद्राच्या दप्तरी राहते, तिची प्रसूती मात्र परक्या तालुक्यातील कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, ओढवते. आणि आजारपणाच्या प्रत्येक खाड्याचे पैसे कापले जात असल्यामुळे ती दुखणे अंगावर काढते. याच ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली शासनास डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, याचे शल्य आम्हा जिल्हावासीयांच्या मनातून जात नाही.

साथीचा रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाईल, हे जाणून घटनाकारांनी त्याच्या प्रतिबंधाचा विषय समवर्ती सूचीत घातला. तीच दूरदृष्टी सीमा ओलांडणाऱ्या मजुराविषयी कारभाराने दाखवावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. हंगामापुरते आलेले कुटुंब ज्या केंद्राच्या हद्दीत उतरेल, त्या केंद्राच्या वस्तीत त्याची गणना व्हावी, त्या प्रमाणात औषधे व परिचारिका यांची तरतूद व्हावी, आणि बालकाच्या लसीकरणाची व मातेच्या तपासणीची नोंद गावच्या आशाताईंकडून तिकडच्या आशाताईंकडे कारखान्याचा पट्टा पडण्यापूर्वी, म्हणजे हंगाम संपण्यापूर्वी, पोहोचावी. या मागणीचा मसुदा आमच्या समितीने सिद्ध केला असून, अध्यक्षमहाराजांनी तो आजच्या पहिल्याच बैठकीत चर्चेस घ्यावा, अशी माझी नम्र विनंती आहे.