अन्नाची मात्रा
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा सारांश)



रुग्णाच्या खाटेशेजारी पुष्कळदा पोषक भुकटीचा एक डबा दिसतो. कुणी त्याला टॉनिक समजतात, तर कुणी श्रीमंतांची चैन. कुपोषित रुग्णाच्या बाबतीत तो उपचाराचा भाग असतो. म्हणूनच त्यालाही औषधाप्रमाणे निदान, मात्रा आणि मुदत हवी, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

साठ किलो वजनाचा मनुष्य तीन-चार महिन्यांत, प्रयत्न न करता, चोपन्न किलोंवर आला तर त्याने देहाचा दहावा हिस्सा गमावलेला असतो. त्यात स्नायूही झिजतात. जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग बळावतो, उठून बसण्याचे त्राण राहत नाही. स्थूल माणसाचेही असे होऊ शकते. म्हणून नजरेच्या अंदाजावर न विसंबता दाखल होताच वजन करावे लागते. ‘सलाइन चालू आहे, मग जेवणाची घाई कशाला?’ असे नातलग विचारतात. पाच टक्के ग्लुकोजच्या एक लिटर सलाइनमधून जेमतेम २०० उष्मांक मिळतात. प्रथिने मुळीच मिळत नाहीत.

पूरक आहार जेवणाऐवजी नव्हे, जेवणाखेरीज द्यावयाचा असतो. आधी रुग्णाच्या घासातच तूप, दूध, डाळ, अंडे वाढवून पाहावे. तेवढ्याने भागत नसेल, तर दोन जेवणांच्या मध्ये पूरक पेय द्यावे. युरोपातील मार्गदर्शक सूचनांनुसार त्यातून रोज किमान ४०० उष्मांक व ३० ग्रॅम प्रथिने मिळावयास हवीत. मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पेयाचे घटक बदलतात. फार दिवस उपाशी राहिलेल्यास एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम घसरून जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणून ऐकीव माहितीवर डबा आणू नये.

याचा उपयोग होतो का? स्वित्झर्लंडमधील आठ रुग्णालयांत झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पोषणाचा धोका असलेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास झाला. नेहमीचे जेवण घेणाऱ्यांपैकी १० टक्के रुग्ण तीस दिवसांत दगावले; आहारतज्ज्ञांनी प्रत्येकाची गरज मोजून, लागेल तेथे पूरक पेये देऊन पोसलेल्यांपैकी ७ टक्के.

मात्र मात्रा पाळली गेली तरच हे फळ मिळते. एका वृद्ध रुग्णाचे वजन वाढेना, म्हणून मी त्यांच्या पत्नीला विचारले. त्या खाली मान घालून म्हणाल्या, “डॉक्टर, डबा महिनाभर पुरवायचा होता. चमचा अर्धाच घालत होते.” त्या माउलीने काटकसर केली होती, डब्याची किंमत तिला झेपेल का, हे मी विचारलेच नव्हते. चूक माझी होती.

डबा परवडत नसेल तेथे साध्या अन्नाचाही मोठा आधार आहे. झारखंडमधील क्षयरुग्णांना दरमहा तांदूळ, सत्तू, दूध पावडर व तेल देऊन केलेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी आढळला.

विश्वस्तांना व देणगीदारांना माझी विनंती आहे की, यंत्रसामग्रीइतकेच मोल गरजू रुग्णांच्या पोषणाला द्यावे. या दानावर नावाची पाटी लागत नाही. पण घरी चालत जाणाऱ्या रुग्णाच्या पावलांत ते दिसते. आणि आप्तेष्टांनो, डबा परवडत नसेल तर संकोच न करता आम्हाला सांगा. आपण मिळून दुसरा मार्ग काढू. पण चमचा अर्धा करू नका.