शिक्षिताचें ऋण

इतिहास शिकवितांना आम्ही मास्तर मंडळी राजे, लढाया आणि सनावळी सांगतों. परंतु या साऱ्या उलाढालींत पुढें कोण गेलें आणि त्याची किंमत कोणीं मोजली, हें विचारावयाचें राहूनच जातें. एकोणिसाव्या शतकांतील रशियन विचारवंतांनीं नेमका हाच प्रश्न हातीं घेतला.

खोम्याकोव्हप्रभृति पंडितांना समाजाचा आदर्श जुन्या ग्रामसंस्थेंत दिसला. जमीन गांवाची, निर्णय गांवसभेचा, अशी ती व्यवस्था. आपल्याकडेही गांवगाड्याचे असेच गोडवे गाइले गेले. पण तो गाडा खरा कसा होता, हें डॉ. आंबेडकरांनीं १९४८ सालीं घटना समितींत रोखठोक सांगितलें.

प्योत्र लाव्रोव्ह या गणिताच्या अध्यापकानें निराळा मार्ग दाखविला. हद्दपारींत असतां १८६८-६९ सालीं त्यानें 'ऐतिहासिक पत्रें' लिहिलीं. मूठभरांना विचार करावयास जी सवड मिळाली, ती असंख्यांच्या कष्टांवर मिळाली. तेव्हां समाजांत न्याय आणण्यासाठीं झटूनच तें ऋण फिटेल, असें त्याचें म्हणणें. आदर्श समाज इतिहास आपोआप आणून देत नाहीं; तो माणसांनीं आणावा लागतो. १८७४ च्या उन्हाळ्यांत शेंकडों तरुण रशियांतील खेड्यापाड्यांत गेले. शेतकऱ्यांना त्यांची भाषा फारशी उमगली नाहीं, आणि पुष्कळजण तुरुंगांत पडले.

मराठवाड्यांत स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत शिक्षक होते. जनतेंत राहून, तिच्या भाषेंत बोलून त्यांनीं काम केलें, आणि १९३८ सालीं निजामी राजवटीविरुद्ध सत्याग्रहास ते स्वतः पुढें झाले. लाव्रोव्हचे शिष्य जेथें अडले, तेथें हा मास्तर अडला नाहीं.

आणि आम्ही? माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं त्याच्या फीसाठीं बैलजोडी विकली. मुलगा डॉक्टर होऊन मोठ्या शहरीं स्थायिक झाला. त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाहीं. आईच्या रोजंदारीवर मी मॅट्रिक झालों. पुढें खेड्यांत बदली झाली, तेव्हां खटपट करून ती मीच रद्द करविली. त्या गांवच्या मुलांचें देणें माझ्या नांवावर तसेंच राहिलें आहे.

आज लातूरचें नांव परीक्षांच्या निकालांनीं गाजतें. पण याच लातूरनें २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून आगगाडीनें आलेल्या पाण्यावर तहान भागविली. ऋण म्हणजे काय, हें आपल्या गांवास निराळें सांगावयास नको. तें फेडावयाचें कसें, एवढेंच ज्यानें त्यानें आपल्या घरीं ठरवावें.