ध्वनी आणि वाक्य : काशीची साक्ष



ध्वनिविचार आणि वाक्यविचार ही व्याकरणाची दोन स्वतंत्र दालने होत, असा समज पुष्कळदा आढळतो. आधी वर्ण, मग शब्द, शेवटी वाक्य हा पाठ्यपुस्तकांतील क्रम त्याला पुष्टी देतो. तथापि भाषा या क्रमाने चालत नाही. ‘तो आला नाही’ हे शब्द एका दमात उच्चारले तर नकार होतो. ‘आला’नंतर किंचित थांबून ‘नाही’वर आवाज चढविला, तर होकाराची अपेक्षा करणारा प्रश्न होतो.

पाणिनीने हा संबंध नेमका ओळखला होता. ‘वने’ म्हणजे ‘वनात’ असेल, तर पुढील ‘अत्र’शी ‘वनेऽत्र’ असा संधी होतो. ‘दोन वने’ असा अर्थ असेल, तर होत नाही. कानाला रूप एकच. परंतु उच्चाराचा नियम आधी वचन पाहतो. शिवाय समासात संधी अनिवार्य, तर वाक्यातील दोन पदांमध्ये तो वक्त्याच्या इच्छेवर, असे परंपरा सांगते.

याहून बोलके उदाहरण स्वराघाताचे आहे. ‘अष्टाध्यायी’च्या आठव्या अध्यायानुसार, क्रियापदेतर पदामागून येणारे क्रियापद सामान्यतः आपला उदात्त गमावते. ‘देवदत्तः पचति’ यात ‘पचति’ अनुदात्त होते. ‘यः पचति’ या गौण वाक्यात मात्र त्याचा उदात्त टिकतो. वाक्य प्रधान की गौण, हे आवाजाची पातळीच सांगते.

17व्या शतकात काशीत भट्टोजी दीक्षितांनी ‘सिद्धान्तकौमुदी’त पाणिनीची सूत्रे विषयवार लावली. संधिप्रकरण आरंभी आले. स्वरप्रक्रिया अखेरीस गेली. लौकिक संस्कृतातून हा आघात तत्पूर्वीच लोपला असल्याने ही मांडणी सोयीची होती. मात्र ध्वनी व वाक्य यांना जोडणारा हा धागा विद्यार्थ्याच्या हाती सर्वांत शेवटी येऊ लागला.

त्याच काशीत वेदपाठकांच्या कंठात तो अखंड राहिला. महाराष्ट्रातून तेथे स्थायिक झालेल्या वैदिक घराण्यांचा त्यात मोठा वाटा आहे. पदपाठात मंत्रातील पदे सुटी करून म्हणतात. संधी सुटतो, पण क्रियापदाचा स्वर वाक्यात असतो तोच राहतो. शेजारची पदे दूर सारली, तरी ते आपले वाक्य विसरत नाही.

ग्रंथातील नियम ग्रंथालयात सुरक्षित राहतील. परंतु तो ऐकू येतो केवळ माणसाच्या कंठातून. ते कंठ मिटले, तर सूत्र उरेल आणि त्याचा नाद हरपेल.