हेवी डिपॉझिट आणि जड पाणी

नवी मुंबईत, कोपरखैरण्याला लागून असलेल्या बोनकोडे गावात खोली शोधणाऱ्याला एक इंग्रजी विशेषण हमखास भेटतं. एजंट विचारतो, ‘भाड्याने पाहिजे की हेवी डिपॉझिटवर?’ म्हणजे मोठी रक्कम एकदम मालकाकडे ठेवायची, महिन्याचं भाडं नाममात्र द्यायचं किंवा द्यायचंच नाही, आणि खोली सोडताना रक्कम परत घ्यायची. तिकडे ठाणे-बेलापूर रस्त्यावर हाच शब्द ट्रकचालकाच्या ‘हेवी लायसन्स’मध्ये असतो. पोटभर न्याहारी झाली की तीही ‘हेवी’ होते. तीन ठिकाणी तीन अर्थ, पण ऐकणारा एकदाही गोंधळत नाही. शाळेच्या वहीत मात्र या शब्दापुढे ‘जड’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि पुढची सगळी अडचण तिथून सुरू होते. विशेषणाचा अर्थ त्याच्या एकट्याकडे नसतो, तो शेजारच्या नामाच्या सोबतीने ठरतो. म्हणून विशेषण शिकायचं ते नामासकट, असं माझं म्हणणं आहे.

पावसाचंच घ्या. इंग्रजीत जोराचा पाऊस ‘हेवी’ असतो, पण ‘जड पाऊस’ कोणी मराठी माणूस म्हणणार नाही. चिनी भाषेत ‘जड’ला ‘च्युंग’ असा स्वतंत्र शब्द आहे, तरी तिथला असा पाऊस जड नसतो, ‘दा’ म्हणजे मोठा असतो. त्यामुळे इंग्रजी शिकणारा चिनी विद्यार्थी ‘बिग रेन’ म्हणून जातो. त्याची चूक आपल्याला चटकन कळते, कारण मोठा पाऊस आपल्याकडेही पडतो. भारतीय हवामान विभागाने तर या विशेषणाला मापच लावलं आहे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे ‘हेवी’, त्यापुढे २०४.४ पर्यंत ‘व्हेरी हेवी’, आणि त्याहून जास्त ते ‘एक्स्ट्रीमली हेवी’. आपली वर्तमानपत्रं पहिल्या पायरीलाच ‘मुसळधार’ म्हणतात, मग वरच्या पायऱ्यांसाठी ‘अति’ आणि ‘अत्यंत’ जोडत बसावं लागतं. कोकणातल्या जुलैला पासष्ट मिलिमीटरचं काय अप्रूप! पण इंग्रजी शब्द मापाचा झाला आणि मराठी शब्द चित्राचा राहिला, त्याला काय करणार?

यावर कोणी म्हणेल, मुळात वजनाची कल्पना एकच आहे, ती पकडली की बाकीचे अर्थ आपोआप उलगडतील. उलगडतात, पण मागाहून. आधी अंदाज बांधता येत नाही. पाऊस ‘हेवी’, पण वारा ‘स्ट्राँग’. वाहतूक ‘हेवी’, पण ताप ‘हाय’. झोप गाढ असलेला माणूस इंग्रजीत ‘हेवी स्लीपर’ असतो, मग तो अंगाने काडीसारखा असला तरी चालतं. त्याच्या उलट ज्याला ते ‘लाइट स्लीपर’ म्हणतात, त्याची झोप आपण सावध म्हणतो, आणि मला तरी आपला शब्द जास्त नेमका वाटतो. वजनाची कल्पना प्रत्येक भाषेत वेगळ्या वाटेने गेली आहे. इंग्रजीत ती प्रमाणाकडे वळली. मराठीत अवघडपणाकडे आणि निर्जीवपणाकडे: गणित जड जातं, माणूस डोईजड होतो, आणि जडत्व तर भौतिकशास्त्रात जाऊन बसलं. संस्कृतातला ‘गुरू’ मुळात जडच, तो आदराच्या आसनावर पोचला. चिनी ‘च्युंग’ही महत्त्व आणि आदर दाखवणाऱ्या शब्दांत शिरला आहे.

एकाच मराठी शब्दावर दोन इंग्रजी विशेषणं येऊन आदळली की काय होतं, ते पाण्यात दिसतं. बोअरवेलच्या ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्याला लोक जड पाणी म्हणतात. इंग्रजीत ते ‘हार्ड’. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे तसं होतं, आणि पाठ्यपुस्तक त्याला दुष्फेन म्हणतं. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ थळला अणुऊर्जेसाठी तयार होतं तेही जड पाणीच, पण ते खरोखर ‘हेवी’. त्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असतं आणि ते साध्या पाण्यापेक्षा सुमारे ११ टक्के जास्त घन असतं. ‘जड म्हणजे हेवी’ एवढ्याच शिदोरीवर निघालेला विद्यार्थी बोअरवेलमधून थेट अणुभट्टीत पोचेल.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: अशा जोड्या हजारो, पाठ किती करायच्या? सगळ्या करायच्याच नाहीत. ज्या नामांशी रोज गाठ पडते, तेवढ्यांपासून सुरुवात करावी. मायकल हॅलिडे या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने चहाचं उदाहरण प्रसिद्ध केलं. ‘स्ट्राँग’ आणि ‘पॉवरफुल’ अर्थाने जवळ असले, तरी इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’च असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. हॅलिडे स्वतः चिनी भाषेचे अभ्यासक होते, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. आपण तरी चहाला मजबूत कुठे म्हणतो? कडक म्हणतो, आणि हे कोणी कोष्टक करून पाठ केलेलं नसतं.

शुद्धतेचा आग्रह धरणारे विचारतील, ‘हेवी डिपॉझिट’ हे तरी बरोबर इंग्रजी आहे का? लंडनमधल्या घरमालकाला त्यातला बिनभाड्याचा करार कळणार नाही, हे खरं. पण बोनकोड्यात तो शब्द मराठीच आहे; ‘जड’ किंवा ‘अवजड’सारखा लिंगवचनाने न बदलता तो मराठी वाक्यात सहज बसतो. अडचण येते ती इथली जोडी तशीच उचलून इंग्रजीत नेल्यावर. ‘हेवी ड्रायव्हर पाहिजे’ ही पाटी वाचून इथला माणूस अवजड वाहनाचा परवाना घेऊन येतो. हेच शब्द इंग्रजी अर्जात लिहिले, तर वाचणारा त्याच्या परवान्याआधी त्याच्या वजनाचा विचार करील.