खुला कोड आणि बंद बांधणी

लिनक्ससारख्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय निघाला की आधी सांगितलं जातं ते हे, की तिचा सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे. कुणीही वाचावा, कुणीही बदलावा. हे खरं आहे आणि मोलाचंही आहे. पण आपल्या संगणकावर प्रत्यक्ष चालतो तो सोर्स कोड नव्हे. माणसांनी लिहिलेला मजकूर कंपायलर नावाच्या प्रोग्रॅममधून जातो आणि त्यातून जे शून्य-एकचे आकडे निघतात, ते प्रोसेसर चालवतो. वाचायला मिळतं ते एक, चालतं ते दुसरं. या दोहोंच्या मधल्या प्रक्रियेला इंजिनिअर मंडळी बिल्ड म्हणतात, आपण बांधणी म्हणू. माझं म्हणणं असं आहे की ही बांधणी सोर्स कोडइतकीच खुली झाली पाहिजे आणि तिऱ्हाईताला ती जशीच्या तशी करून पाहता आली पाहिजे. तोवर मुक्त सॉफ्टवेअरने दिलेलं वचन अर्धंच पाळलं जातं.

ही मागणी काही नवी नाही. लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ज्या परवान्याखाली मिळतं, त्या १९९१ च्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीनेच संपूर्ण सोर्स कोडची व्याख्या करताना कंपाइल आणि इन्स्टॉल करण्याच्या स्क्रिप्ट त्यात मोजल्या आहेत. पण एका प्रोग्रॅमची स्क्रिप्ट देणं वेगळं आणि संपूर्ण सिस्टिम बांधणं वेगळं. फ्रीबीएसडीमध्ये कर्नल आणि त्याभोवतीची मूळ साधनं एकाच संघाच्या एकाच कोडसंग्रहात असतात आणि एकत्र बांधता येतात. लिनक्सचं तसं नाही. कर्नल एकीकडून येतं, सी भाषेची मूळ लायब्ररी आणि कंपायलर जीएनू प्रकल्पाकडून येतात, उरलेल्या हजारो वस्तू जगभरच्या स्वतंत्र गटांकडून. कशाची कुठली आवृत्ती घ्यायची, काय आधी बांधायचं, कुठे आपला बदल जोडायचा, हे ठरवून त्यातून एक चालणारी सिस्टिम उभी करतात ते डेबियन, फेडोरा यांसारखे वितरक प्रकल्प. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये चौसष्ट हजारांहून जास्त पॅकेजेस होती. एवढ्या जुळवाजुळवीत नवे निर्णय घ्यावे लागतात, आणि ते निर्णय कुठल्याही एका प्रोग्रॅमचा कोड वाचून दिसत नाहीत.

याचा पुरावा २०२४ च्या मार्च महिन्यात मिळाला. फाइल दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या छोट्या साधनात कुणीतरी चोरदार बसवलं होतं. टोपणनावाने वावरणाऱ्या एका व्यक्तीने दोन वर्षांहून जास्त काळ निमूटपणे उपयोगी काम करून त्या प्रकल्पाचा विश्वास मिळवला होता. घातक भाग चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींत दडवलेला होता. तो बांधणीत ओढून घेणारी ओळ मात्र सर्वांसमोरच्या कोडसंग्रहात नव्हतीच. ती होती प्रकाशनासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात. शिवाय डेबियनसारख्या वितरकांचं पॅकेज तयार होत असेल, तरच ती जागी होत असे. लक्ष्य होतं दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून देणारा ओपनएसएसएच. मूळ ओपनएसएसएच एक्सझेडची लायब्ररी वापरतच नाही. काही वितरकांनी तो सिस्टिमडीशी, म्हणजे सिस्टिममधल्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमशी, जोडण्यासाठी बदल केला आणि त्या वाटेने ती लायब्ररी आत आली. दोन्ही प्रकल्पांचा कोड संग्रहात जाऊन ओळ न ओळ वाचला असता, तरी हा धोका नजरेतून सुटला असता, कारण तो जुळणीत होता. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्याने चिकाटीने मूळ शोधलं आणि २९ मार्चला ते जाहीर केलं, म्हणून डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत हे पोहोचलं नाही. त्या माणसाचे आपण सगळेच ऋणी आहोत.

याहून खोल प्रश्न कंपायलरचा आहे. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक केन थॉम्पसन यांनी ट्यूरिंग पुरस्काराच्या भाषणात तो मांडला. ते १९८४ मध्ये छापून आलं. कंपायलर हाही प्रोग्रॅमच आणि तो आधीच्या कंपायलरने बांधलेला असतो, जसं दही लावायला आधीच्या दह्याचं विरजण लागतं. थॉम्पसन यांनी दाखवलं की कंपायलरमध्ये एकदा खोट घातली, की तो लॉगिनच्या प्रोग्रॅममध्ये चोरदार बसवेल आणि नवा कंपायलर बांधताना तीच खोट त्यातही उतरवेल. मग सोर्स कोडमधून ती पुसून टाकली तरी पुढच्या प्रत्येक पिढीत ती राहील. कोड स्वच्छ, बांधलेली वस्तू दूषित.

यावर उपाय काय, याचं उत्तर गेल्या दहा-बारा वर्षांत आकाराला आलं आहे. २०१३ पासून डेबियनमध्ये पुनरुत्पादनक्षम बांधणीचं काम सुरू आहे. कल्पना सरळ आहे: तोच कोड, तीच साधनं घेऊन दोन वेगळ्या माणसांनी वेगळ्या संगणकांवर बांधणी केली तर निकाल शेवटच्या बिटपर्यंत एकच यावा. आला नाही, तर कुठेतरी काहीतरी वेगळं आहे. प्रत्यक्षात हे फार किचकट निघालं, कारण बांधणी नकळत कितीतरी गोष्टी टिपून ठेवते: घड्याळातली वेळ, फोल्डरचं नाव, डिस्कवर फाइली ज्या क्रमाने सापडल्या तो क्रम. एकेका पॅकेजमधून हे ठसे काढण्याचं काम स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं केलं आहे. कुठल्या आवृत्तीच्या कोणत्या साधनांनी पॅकेज बांधलं, याची नोंद डेबियन आता प्रसिद्ध करतं. विकसकाने स्वतःच्या संगणकावर बांधून पाठवलेलं पॅकेज पुढच्या स्थिर आवृत्तीत जाणार नाही, ते प्रकल्पाच्या बांधणी-यंत्रांवरच तयार झालं पाहिजे, असंही २०१९ मध्ये ठरलं. थॉम्पसन यांच्या कोड्यावर डेव्हिड व्हीलर यांनी २००९ च्या प्रबंधात वाट दाखवली: संशयित कंपायलरचा कोड दुसऱ्याच स्वतंत्र कंपायलरने बांधायचा, त्यातून निघालेल्या कंपायलरने तोच कोड पुन्हा बांधायचा आणि निकाल ताडून पाहायचा. गिक्स हा आणखी एक वितरक प्रकल्प तर मुळाशीच गेला. सुमारे २५० मेगाबाइटच्या तयार प्रोग्रॅमवर त्याची बांधणी उभी होती. २०२३ मध्ये ते बीज ३५७ बाइटवर आलं. एवढे बाइट माणूस डोळ्यांनी वाचू शकतो. ही साखळी चालवायला एक तयार कर्नल अजून लागतंच, तरीही मला हे या क्षेत्रातलं अलीकडचं सर्वांत महत्त्वाचं काम वाटतं.

आता आक्षेप. सामान्य माणूस आयुष्यात कधी ऑपरेटिंग सिस्टिम बांधणार नाही, मग त्याला याचं काय? बँकेचा ताळेबंदही ठेवीदार स्वतः तपासत नाही. पण स्वतंत्र लेखापरीक्षकाला तो तपासता येतो, यावरच त्याची ठेव सुरक्षित असते. दुसरं म्हणणं, की कंपनीची डिजिटल सही पुरेशी आहे. सही वस्तू कुणी दिली ते सांगते, आत काय आहे ते सांगत नाही. २०२० मध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स प्रकरणात घुसखोरांनी बांधणीच्या यंत्रणेतच शिरकाव केला होता, आणि रीतसर सही असलेला दूषित अपडेट हजारो ग्राहकांपर्यंत गेला. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: सोर्स कोडच विषारी असेल तर सगळ्यांची बांधणी सारखीच विषारी निघेल, एक्सझेडचीही निघाली असती. हे मान्यच केलं पाहिजे. पुनरुत्पादन कोड चांगला की वाईट ते सांगत नाही. चालणारी वस्तू याच कोडमधून आली एवढंच सांगतं. पण त्यामुळे तपासायची जागा एकच उरते, ती म्हणजे कोड. आणि प्रकाशनाचा गठ्ठाही खुल्या संग्रहातूनच पुन्हा तयार करून ताडण्याची सक्ती असती, तर ती जादा ओळ लपून राहणं अवघड झालं असतं.

आपल्या देशात हा प्रश्न पुस्तकी नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सीडॅकने चेन्नईत विकसित केलेली बॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम डेबियनवर आधारलेली आहे, आणि सरकारी यंत्रणांनी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं असं केंद्राचं धोरण २०१५ पासून आहे. दुसऱ्याच्या पायावर उभं राहण्यात कमीपणा नाही. जगातले बहुतेक वितरक तेच करतात. पण सरकारी कार्यालयात चालणारं प्रत्येक पॅकेज इथल्या यंत्रांवर, इथल्या माणसांनी सोर्स कोडपासून पुन्हा बांधून मूळ पॅकेजशी ताडावं आणि निकाल जाहीर करावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. त्याला प्रचंड भांडवल लागत नाही. डेबियनची जुनी पॅकेजेस संग्रहात उपलब्ध आहेत, बांधणीच्या नोंदी खुल्या आहेत, साधनं फुकट आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतले संगणक रात्री रिकामेच असतात. त्यांवर एकेक पॅकेज बांधून निकाल ताडणं हे शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला साजेसं काम आहे. जिथे बिट जुळत नाहीत तिथे कारण शोधून दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवता येते, आणि ती स्वीकारली गेली की तिचा फायदा ते पॅकेज वापरणाऱ्या प्रत्येकाला मिळतो.