पाण्याचाही निकाल फळ्यावर लागू द्या

 

रेशन दुकानात भाव आणि साठा फलकावर लिहिलेला असतो. मग ज्या पाण्यावर घर चालतं, त्याचा निकाल कुठं लिहिलेला असतो?

पाणी तपासायची सोय आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावागावात पाच महिलांनी किट वापरून पाणी तपासायला शिकायचं ठरलं. जलसुरक्षक नमुने प्रयोगशाळेत पाठवतात. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. पण विहिरीभोवतीची घाण, पाइपाची गळती अशा गोष्टींवरून धोका किती, एवढंच कार्ड सांगतं. पाण्यात नायट्रेट किती, फ्लोराईड किती, हे कार्डाच्या रंगावरून कळत नाही.

आणि ते कळायला हवं. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलीग्रॅम आहे. त्याहून जास्त असेल तर सहा महिन्यांच्या आतल्या, वरचं दूध पिणाऱ्या बाळाला धोका असतो. ‘उकळून घेतलं की झालं’ असं आपण म्हणतो. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही. उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे पाण्यात काय आहे हे ठाऊक नसेल, तर आईनं काळजीनं केलेला उपायही चुकतो.

अमेरिकेत १९९६ साली कायद्यात बदल झाला. त्यानुसार सार्वजनिक नळयोजनांना दरवर्षी ग्राहकांना पाण्याचा अहवाल द्यावा लागतो. पाणी कुठलं, त्यात काय सापडलं, मर्यादा किती, हे सगळं त्यात असतं. आपण आपल्या ग्रामसभेत असाच साधा नियम करून घेऊ शकतो.

ठराव असा मांडा:

एक, प्रत्येक तपासणीचा निकाल ग्रामपंचायत, अंगणवाडी आणि पाण्याच्या टाकीजवळच्या फळ्यावर लिहावा.

दोन, त्यात नमुना कुठला, तारीख कोणती, किती निघालं आणि किती चालतं, हे चारही असावं. नुसतं ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ चालणार नाही.

तीन, पाणी पिण्यायोग्य नसेल तर त्याच दिवशी दवंडी द्यावी. उकळून चालेल की दुसरीकडून आणावं लागेल, हेही सांगावं.

चार, पुन्हा तपासणी कधी होणार आणि विचारायचं कोणाला, ते लिहावं.

ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या जागा बायांच्या असतात. त्या नावापुरत्या राहू देऊ नका. कोणी म्हणेल, निकाल लावला तर लोक घाबरतील. घाबरलेली बाई दुसरं पाणी शोधते, अंधारात ठेवलेली बाई तेच पाणी बाळाला पाजते.

गटाच्या येत्या बैठकीत हा विषय घ्या, आणि पुढच्या ग्रामसभेला एकटी नको, गटानं जा.