पहिले मत आणि दुसरे वाचन



जेन ऑस्टेन या इंग्रज लेखिकेने १७९६-९७ मध्ये, विशी-एकविशीत, एक कादंबरी लिहिली. तिचे मूळ नाव ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’, म्हणजे प्रथमदर्शनी बनलेली मते. लेखिकेच्या वडिलांनी लंडनच्या एका प्रकाशकाकडे विचारणा केली. त्याने हस्तलिखित न पाहताच नकार कळविला. अशा नावाच्या कादंबरीला न वाचताच मिळालेला हा अभिप्राय मोठा बोलका म्हणावा लागेल. पुढे १८१३ मध्ये तीच ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या नावाने प्रसिद्ध झाली.

मेरिटनच्या नृत्यसमारंभात डार्सी येतो. वार्षिक दहा हजार पौंडांचे उत्पन्न आणि देखणे रूप यांमुळे अर्धी संध्याकाळ सारे त्याच्याकडे कौतुकाने पाहतात. उरलेली अर्धी नाके मुरडण्यात जाते. एलिझाबेथबरोबर नृत्य करण्याचा मित्राचा आग्रह तो मोडून काढतो. मुलगी ठीक आहे, पण मोह पडावा इतकी सुंदर नाही, हे त्याचे मत तिच्या कानी पडते. मैत्रिणींना ती हे हसत सांगते, पण मनात अढी बसते.

येथे एक मान्य केले पाहिजे. डार्सी खरोखरच गर्विष्ठ आहे. लग्नाची मागणी घालतानाही तो तिच्या घराण्याचा कमीपणा तिला ऐकवतो. एलिझाबेथने पाहिले ते खोटे नव्हते. चूक झाली ती अनुमानात: उद्धट माणूस अन्यायीही असणारच, असे तिने गृहीत धरले. म्हणून गोडबोल्या विकमने डार्सीने आपला हक्क बुडविल्याचे सांगताच तिला पुरावा मागावासा वाटला नाही.

ती मागणी नाकारते. दुसऱ्या दिवशी डार्सी तिच्या हाती एक पत्र ठेवतो. कादंबरीचा कस या पत्राच्या वाचनात आहे. ती ते रागानेच वाचते, पुन्हा पाहायचे नाही असे ठरवून मिटते आणि अर्ध्या मिनिटात परत उघडते. धर्मोपदेशकाच्या जागेवरील हक्क सोडून विकमने तीन हजार पौंड घेतले होते, हे तिला नवे असते. परंतु तिला अधिक बोचते ते आधीपासून ठाऊक असलेले. विकमने जवळजवळ अपरिचित तरुणीला आपली खाजगी कहाणी सांगितली होती. डार्सीला टाळणार नाही अशी फुशारकी मारून तो नेदरफील्डच्या समारंभाला गैरहजर राहिला होता. आणि डार्सी निघून जाताच ती कहाणी गावभर झाली होती. सारे तिच्या डोळ्यांदेखत घडले होते. एकाने उपेक्षा केली, दुसऱ्याने मर्जी राखली, एवढ्यावर तिने निवाडा दिला होता. स्वतःच्या चाणाक्षपणाचा अभिमान असलेल्या मुलीला ही लाज फार झोंबते. विकमचे खरे रूप ती गावात उघड करीत नाही. पुढे धाकटी बहीण लिडिया त्याच्याचबरोबर पळून जाते.

तिच्या टोमण्यांनी डार्सीही बदलतो, हे खरे. पण तो बदल दिसण्यापूर्वीच एलिझाबेथ पेम्बर्लीला त्याची वास्तू पाहायला जाते. डार्सीला चौथ्या वर्षापासून ओळखणारी वृद्ध कारभारीण त्याची मनापासून स्तुती करते. मग वरच्या दालनात त्याचे चित्र दिसते. चेहऱ्यावर स्मित असते. डार्सी आपल्याकडे पाहत असताना हेच स्मित कधी कधी त्याच्या मुखावर असे, हे तिला त्या चित्रापुढे उभे असताना आठवते.